नवीन गाडीची पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) पासिंगच्या आधीच करा

शोरूमवाले म्हणतात आधी पूर्ण पेमेंट करा मग गाडी बघा, तर तसं अजिबात करू नका, कारण एकदा तुमच्या नावावर इन्व्हॉइस होऊन आरटीओ पासिंग झालं की गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्यच. दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताची घाई असेल तर चार दिवस आधी शोरूमच्या गाड्या ठेवतात त्या यार्डात जा, आणि भर उजेडात, बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली स्क्रॅच दिसतच नाहीत.

गाडी धुतलेली हवी. बॉनेट, दरवाजे तिरक्या नजरेने बघा, रंगाची छटा कुठे वेगळी वाटते का, रबर बीडिंगवर रंगाचे शिंतोडे आहेत का, असतील तर तिथे रिपेंट झालंय समजा आणि सरळ दुसरी गाडी मागा. टायरवरचे चार आकडे वाचा, 2325 म्हणजे टायर 2025 च्या 23व्या आठवड्यात बनलाय, स्टेपनीसुद्धा बघायची. 17 अक्षरी चासी नंबर फॉर्म 22 शी, म्हणजे कंपनीने गाडीसोबत दिलेल्या प्रमाणपत्राशी जुळवा. ओडोमीटर शंभराच्या वर असेल तर कारण विचारा. एसी, काचा, वायपर, सगळे लाइट चालवून बघा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून खाली गळती बघा. काही सापडलं तर फोटो काढून ईमेलच करा, तोंडी 'करून देतो साहेब' चालवून घेऊ नका.