उमय्यद दिरहमचा कस कसा काढावा

उमय्यद या अरब राजघराण्यातल्या खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी 79 (इ. स. 698-99) च्या सुमारास दिरहम या चांदीच्या नाण्यावरचं चित्र हटवून फक्त अक्षरं ठेवली. वजन साधारण 2.9 ग्रॅम, चांदी बहुतेकदा 95 टक्क्यांच्या वर. दिमश्क (दमास्कस) किंवा इराकमधल्या वासितच्या टांकसाळीचा असा दिरहम कुणी माझ्याकडे आणला की पहिली विनंती एकच करते: घासू नका. काळपट थर गेला की पुरावाही जातो.

कसोटीच्या दगडावर तर या नाण्याची रेघ ओढूच नये. आधी वजन-पाण्याची रीत करा: नाणं हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला; जितकं हलकं भरेल त्यावरून घनता आणि घनतेवरून कस कळतो. एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी, त्यात साबणाचा एक थेंब, बारीक नायलॉनचा दोरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे मऊ ब्रशने हलकेच काढा. पाण्याची घनता 1 धरली, तर 2.900 ग्रॅमचं चोख चांदीचं नाणं पाण्यात 0.276 ग्रॅम हलकं होतं. दहा टक्के तांबं असेल तर 0.281. फरक जेमतेम पाच मिलिग्रॅमचा! म्हणजे काट्यावर एक मिलिग्रॅम चुकला की कस दोन टक्क्यांनी हुकतो. एखादा बुडबुडा राहिला तरी तेच. शिवाय शिसं चांदीहून जड, ते तांब्याचा हलकेपणा झाकून टाकतं. म्हणून ही रीत फक्त ठळक भेसळ पकडायला.

खरा आकडा एक्सआरएफ यंत्रातून, म्हणजे क्ष-किरण टाकून धातूंचं प्रमाण सांगणाऱ्या यंत्रातून येतो, पण तोही जपून घ्यावा. किरण वरचे काही मायक्रॉन ते काही दहा मायक्रॉनच वाचतात, आणि नेमक्या त्याच थरातलं तांबं बाराशे-तेराशे वर्षांत मातीने खाल्लेलं असतं. त्यामुळे पृष्ठभागावर 98 दिसलं तरी आत 93 असू शकतं. माझा आग्रह असतो की नाणं आधीच तुटलेलं असेल तर तुटलेल्या कडेवर मोजा. अखंड असेल तर दोन्ही बाजूंना तीन-चार जागी वाचन घ्या, यंत्राच्या आलेखात क्लोरीनचं शिखर उंच दिसेल ती जागा सोडा, कारण तिथे चांदीचं क्लोराइड साचलेलं असतं. अहवालात "पृष्ठभागाचं वाचन" असं स्पष्ट लिहा.

आणि अहवालातली सोन्याची ओळ वगळू नका. शिशाबरोबर मुशीत आटवून चांदी शुद्ध करताना तांबं निघून जातं, सोनं मात्र चांदीतच राहतं. अर्ध्या टक्क्याचं सोनंही चांदीच्या खाणीबद्दल बोलतं. टंच तेवढा सांगून थांबणाऱ्या अहवालातून नेमकं हेच हरवतं. ते प्रमाण तुमच्या यंत्राच्या मर्यादेखाली असेल, तर न्यूट्रॉन सक्रियण (न्यूट्रॉनचा मारा करून अगदी थोडी मूलद्रव्यंही मोजणारी रीत) करणाऱ्या प्रयोगशाळेत नाणं पाठवा.