घडीच्या खुर्च्या होडीवर पक्क्या करण्याआधी

पुण्यातली मासेमारीची छोटी होडी पाण्यात कमी आणि रस्त्यावर जास्त असते. कोकणातली होडी किनाऱ्यावरच मुक्कामाला असते. आपली होडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून असते आणि एखाद्या रविवारी पहाटे ट्रेलरवर चढून उरुळी कांचन, यवत, चौफुला करत भिगवणपर्यंत शंभरेक किलोमीटर हादरे खात जाते. तिथल्या उजनी धरणाच्या शांत पाण्यात खुर्चीवर येणारा ताण या रस्त्यापुढे किरकोळ. म्हणून खुर्च्या बसवायची तयारी करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. माणूस बसलेला असताना खुर्ची कशी टिकेल, हा पहिला. कोणी बसलेलं नसताना, घडी घालून ठेवलेली असताना ती जागेवर कशी राहील, हा दुसरा. बहुतेकांचा विचार आणि पैसा दोन्ही पहिल्याच प्रश्नावर संपतात.

कागदोपत्री काम सगळ्यात आधी. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही शहराला पिण्याचं पाणी पुरवणारी धरणं. धरणात स्वतःची होडी उतरवायची तर जलसंपदा विभागाला विचारावं लागतं आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ही बोलणी होण्याआधी होडीला भोकं पाडू नयेत. कुठे उतरायचं हे ठरलं की इंजिन लागणार की वल्ह्यांवर भागणार हेही ठरतं आणि खुर्चीची जागा त्यावरच ठरते.

जागा ठरवायला अर्धा दिवस राखून ठेवा. होडी जुन्या टायरांवर सपाट ठेवायची, खुर्च्या बाकांवर नुसत्या ठेवायच्या आणि जे दोघे खरोखर जाणार आहेत त्यांनाच त्यावर बसवायचं. शेजारचा हौशी मुलगा चालणार नाही, त्याचं वजन निम्मं असतं. बसून वल्ही मारून पाहा. कोपर पाठीला लागतं का? रॉड डोक्यावरून मागे नेऊन गळ टाकल्यासारखं करा. मागच्या माणसाच्या टोपीला रॉड लागतो की नाही ते पार्किंगमध्येच कळलेलं बरं. मग खुर्ची घडी करा आणि उघडा. पाठ उघडताना जितकी मागे कलते तितक्या जागेत बर्फाचा डबा, बॅटरी किंवा रॉडहोल्डर येता कामा नये. इंजिनाचा दांडा डावी-उजवीकडे पूर्ण फिरला पाहिजे. खुर्ची होडीच्या मधल्या रेषेवरच हवी. अरुंद होडीत चार बोटं बाजूला सरकली तरी होडी कायम एका अंगाला कलून चालते आणि दिवसभर तिला सावरत बसावं लागतं. इंजिन, पेट्रोलची टाकी आणि जड माणूस असं सगळं मागे जमणार असेल तर बॅटरी पुढे न्या. हे सगळं जमलं की खुर्चीच्या चारही कोपऱ्यांवर मास्किंग टेप चिकटवून खुणा करा. ड्रिलला अजून हात लावायचा नाही.

आता उंची. बाकावर खुर्ची, खुर्चीखाली फिरती चकती, चकतीखाली प्लायची फळी असं करत करत माणूस सहज वीतभर वर जातो आणि त्याच्याबरोबर होडीचा गुरुत्वमध्यही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तिथे घडीच्या खुर्च्यांचा संबंध नव्हता, पण उन्हाळ्यातल्या दुपारी वळवाचा वारा त्या उघड्या पाण्यावर किती लवकर उठतो हे ध्यानात ठेवायला ती तारीख पुरेशी आहे. म्हणून माझी अट अशी की प्रत्येक खुर्चीसमोर होडीच्या बुडात एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा मोकळी राहिलीच पाहिजे. वारा उठला की खुर्ची मिटायची, खाली बसायचं आणि काठ गाठायचा. तेवढी जागा उरत नसेल तर दुसरी खुर्ची बसवूच नये. उंच खांबावरची खुर्ची दिसायला झोकदार असते, पण बारा फुटी होडीवर मी ती कोणालाही सुचवणार नाही. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं, पाठीवर अडकवून ठेवायचं नाही. जॅकेट अडकवायला सोयीची जागा म्हणून खुर्चीच्या पाठीचा फार गैरवापर होतो.

खरा प्रश्न बाकाच्या आत असतो. होडी कोणतीही असो, बाकाखालून हात घाला, वाजवून पाहा, टॉर्च लावा. बाक मोकळा असेल आणि खालून नट लावायला हात पोचत असेल तर आरपार बोल्ट हाच उत्तम मार्ग. बाक बंद पेटीसारखा असेल तर त्यात बहुधा फोम भरलेला असतो किंवा नुसती हवा असते. होडी पाण्याने भरली तरी ती तरंगत राहावी म्हणून केलेली ती सोय आहे. तिला भोक पाडलं की पाणी आत झिरपतं आणि हळूहळू ओला झालेला फोम उलट वजन वाढवतो. अशा बाकाला भोक न पाडता वरून फळी ठेवायची आणि बाकाच्या दोन्ही कडांना खालून धरणाऱ्या पट्ट्यांनी ती आवळायची. खाली पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब कापून अंथरली की फळी सरकत नाही. रबरी फुगवायच्या होडीत भोकाचा प्रश्नच नाही. तिथे फळी आणि पट्टे एवढंच.

फायबरच्या होडीत बाकाच्या दोन थरांमध्ये लाकूड किंवा प्लाय असतं. तिथे थेट बोल्ट घातला तर पाणी कडेने आत जातं, लाकूड कुजतं आणि दोन वर्षांनी घट्ट आवळलेली खुर्ची हातात येते. उपाय वेळखाऊ आहे, पण तोच करायचा: बारा मिलीमीटरचं मोठं भोक पाडा, आतलं लाकूड सुकू द्या, भोक घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) भरा, ते वाळल्यावर त्याच्या मधोमध साडेसहा मिलीमीटरचं भोक पाडा. बोल्ट आता लाकडाला शिवतच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत इपॉक्सी वाळायला वेळ लागतो, तेव्हा शनिवारी भरून रविवारी होडी बाहेर काढायचा बेत करू नका.

स्क्रूने भागवायचा मोह इथे होतोच, म्हणून हिशेब सांगतो. बाहेरून मागवलेल्या बहुतेक खुर्च्यांच्या तळाला पाच इंचाच्या चौकोनात चार भोकं असतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये १२.७ सेंटीमीटर अंतर. पाठीचा वरचा काठ त्याहून साधारण चाळीस सेंटीमीटर वर. मागचा माणूस उठताना पुढच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून तीस किलोचा जोर लावतो तेव्हा खुर्ची मागच्या बोल्टवर कलू पाहते आणि पुढच्या दोन बोल्टना मिळून सुमारे ९४ किलोची (३० × ४० ÷ १२.७) ओढ बसते. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात किंवा फायबरमध्ये रुतवलेले स्क्रू, तेही रस्त्यावर हादरून सैल झालेले, ही ओढ किती वेळा सोसतील? म्हणून आरपार बोल्ट आणि खालून निदान तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी, किंवा पट्टी बसत नसेल तर मोठे रुंद वॉशर. पट्टीच्या कडा घासून गोल करा, नाहीतर तीच बाकाला कापते.

खरेदीसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. जाताना खुर्ची सोबत न्या, निदान तिच्यासोबत आलेला एक बोल्ट तरी. कारण इथे एक बारीक फसगत आहे. अमेरिकी मापाच्या खुर्चीच्या तळात पाव इंची, म्हणजे आपल्या भाषेत दोन सुती आटे असतात. दुकानात ‘सहाचा दे’ म्हटलं की सहा मिलीमीटरचा बोल्ट मिळतो. तो आत जातो, फिरतो, बसल्यासारखा वाटतो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर, आणि दोघांचे आटेही वेगळे. जोर आला की तो आटे सोलून बाहेर येतो. खुर्चीचा बोल्ट दाखवूनच तसाच मागा. दुसरं म्हणजे स्टील. चुंबक चिकटत नाही म्हणून स्टील चांगलं, असं काउंटरवर कोणी सांगितलं तर हसून मान डोलवा आणि बोल्टचं डोकं पाहा. बाजारात २०२ ग्रेडचा माल भरपूर आहे, त्यालाही चुंबक फारसा चिकटत नाही आणि तो गंजतो. डोक्यावर ए२-७० असं कोरलेलं असेल तर तो ३०४ च्या जातीचा. गोड्या पाण्याला तेवढं पुरतं. ३१६ या आणखी कमी गंजणाऱ्या ग्रेडचा जास्तीचा खर्च समुद्रावर जाणाऱ्यांनी करावा. बोल्टच्या दुप्पट वॉशर घ्या, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) घ्या आणि जिथे नट वरच्या बाजूला उघडा राहणार असेल तिथे डोम नट, म्हणजे वरून टोपीसारखा बंद. उघड्या आट्यात दोरा अडकतो तो नेमका चांगला मासा लागल्यावर, याला पुरावा लागत नाही.

फळी लागणार असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १९ मिलीमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. होडी ॲल्युमिनियमची असेल तर हा प्लाय पत्र्यावर थेट ठेवू नका. त्याच्यावर बुरशी-किडीसाठी केलेल्या प्रक्रियेत तांब्याचे क्षार असू शकतात आणि तांब्याच्या ओल्या सहवासात ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. फळीच्या सहाही बाजूंना, कापलेल्या कडांना तर दोनदा, इपॉक्सी किंवा चांगला ऑइलपेंट लावा आणि मध्ये रबर ठेवा. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांचंही फारसं पटत नाही. नायलॉनचा वॉशर आणि सीलंट (फट बुजवून पाणी अडवणारी पेस्ट) दोघांमध्ये असू द्या. सीलंट पॉलियुरेथेनचं. बाथरूमसाठी मिळणारं आंबट वासाचं सिलिकॉन इथे नको, वाळताना त्यातून सुटणारं आम्ल धातूला लागतं. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याला जास्त दिवस द्यावे लागतात.

भोकं पाडायचा दिवस त्यामानाने सोपा. टेपवरून खूण करा, फायबर असेल तर सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा म्हणजे वरचा चकचकीत थर टवके न उडता कापला जातो, आणि खाली काय आहे ते पुन्हा एकदा हाताने चाचपा: वायर, पेट्रोलची नळी, फोम. भोकाच्या तोंडाला जरा खोलगट करा, तिथे सीलंटचं कडं बसतं. नट आधी हलकेच आवळा, सीलंट धरलं की मग घट्ट करा आणि त्या वेळी बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवा. स्टीलवर स्टीलचा नायलॉक नट मशीनने सुसाट फिरवला की तो मध्येच जाम होतो, मग करवतीशिवाय सुटका नाही. हातपाना, आट्यांवर थोडं ग्रीस आणि सबुरी. नटाखाली दोन-तीन आटे उरतील इतकाच बोल्ट ठेवून बाकी कापा आणि टोक घासा, कारण ते टोक नडगीच्या उंचीला येतं. शेवटी नट आणि वॉशर दोन्हींवरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावायची गरज नाही.

रस्त्याची तयारी. खुर्ची पिन काढून सुटणारी असेल तर सरळ काढून गाडीच्या डिकीत टाका, विषय संपला. पक्की असेल तर घडी घाला आणि मग ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते पाहा. पुढे तोंड केलेल्या खुर्चीची मिटलेली पाठ बिजागरीपाशी मागे धरलेली असते आणि मोकळी कड पुढे, म्हणजे वाऱ्याच्या थेट तोंडावर. ऐंशीच्या वेगाला हातभर लांब-रुंद पाठीवर वाऱ्याचा जोर ढोबळमानाने पाच-सहा किलोचा असतो. तो खालून शिरला की पाठ फटकन उघडते आणि मग बिजागरी प्रत्येक खड्ड्याला वाजत राहते. चकती फिरती असेल तर खुर्ची उलटी फिरवा, बिजागरी वाऱ्याकडे येऊ द्या. मग बॅगवाल्याकडून शिवून घेतलेला दोन इंची बकलचा पट्टा खुर्चीवरून बाकाखालून फिरवून आवळा. त्यानेच चकतीचं फिरणंही थांबतं. नुसती इलॅस्टिकची दोरी नको, ती ताणते आणि हादऱ्याबरोबर खेळत बसते. बकल वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे चौफुल्याला चहाला थांबल्यावर ताडपत्री उचलून एका नजरेत तपासता येतं.

पाण्यात पहिली चाचणी कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून, सामान न भरता. दोघांनी बसा, एकाच बाजूला झुका, पाण्यापासून काठ किती उरतो ते बोटांनी मोजा. मग एकाने खुर्ची मिटून बुडात बसून दाखवा, दुसऱ्याने होडी हलवा. हे करताना करकर आवाज आला तर तो कुठून येतो ते तिथेच शोधा, बहुतेक वेळा फळी आणि बाक यांच्यामधलं रबर कमी पडलेलं असतं. परतल्यावर मार्करच्या रेघा पाहा, खुर्चीच्या रिव्हेटांभोवती काळी पूड दिसते का ते पाहा. दिसली तर ते हलू लागलेत.

पावसाळ्यात खुर्च्या काढून घरात आणा आणि फॅनखाली दोन दिवस उभ्या वाळवून मगच माळ्यावर टाका. पार्किंगमध्ये राहिल्या तर त्यातला फोम उंदीर खातात. बोल्ट, वॉशर आणि पाना मात्र होडीतच, घट्ट झाकणाच्या बरणीत, मागच्या बाकाखाली.