तारा तुटला, दगड सापडला, ग्रह नऊ : या चुका टाळा

१३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीच्या बाजूने उल्कावर्षाव होतो. बेळगावात तेव्हा आभाळ निवळलेलं असतं, त्यामुळे राजहंसगडाकडे किंवा जांबोटीच्या अंगाला मंडळी अंधार शोधत जातात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तेच एक दृश्य कुणाचा धूमकेतू असतं, कुणाचा लघुग्रह.

दिसलेली वस्तू किती मोठी, किती तेजस्वी, यावरून नाव ठरवू नका. किती वेळ दिसली ते आठवा. एक-दोन सेकंदांत विझली तर उल्का. दोन-चार मिनिटं संथपणे आभाळ ओलांडत गेली तर बहुधा कृत्रिम उपग्रह. ठिपक्यांची रांगच गेली तर स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह. धूमकेतू असा धावत नाही, तो रोज रात्री ताऱ्यांमध्ये थोडा थोडा सरकतो. त्याचं शेपूट मागे लोंबतं हीसुद्धा चुकीची समजूत. ते साधारण सूर्याच्या उलट बाजूला असतं, म्हणजे धूमकेतू सूर्यापासून परत फिरला की शेपूट पुढे आणि डोकं मागे!

उल्का बघायला दुर्बीण नेऊ नका, तिच्यातून आभाळाचा जेमतेम एक तुकडा दिसतो. उताणे पडा, मोबाईल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. निपाणी-चिकोडीकडे तेव्हा उसाचा हंगाम असतो. पाचट पेटवलेल्या फडाच्या धुरापासून लांब बसा. आणि सगळ्या उल्का धूमकेतूंच्याच धुळीतून येतात असं सांगत बसू नका, कारण नेमका हा वर्षाव फेथॉन नावाच्या लघुग्रहाशी जोडलेला आहे. ऑगस्टमधला ययाति तारकासमूहातला वर्षाव मात्र धूमकेतूचा. आपल्याकडे तो ढगांच्या वरच होऊन जातो, हा भाग वेगळा.

सगळ्यात जास्त घोळ दगडांचा. जड, काळा दगड सापडला, लोहचुंबक चिकटलं, की झाली अशनी, म्हणजे आभाळातून जमिनीवर पडलेला दगड! अशनींना चुंबक बहुतेक वेळा चिकटतं हे खरं, पण लोहखनिजाला आणि फौंड्रीतल्या स्लॅगलाही (धातू वितळवताना उरणाऱ्या मळीलाही) ते चिकटू शकतं. बेळगावात फौंड्र्या थोड्या नाहीत, आणि स्लॅग भरावातून कुठेही पोचतो. त्याची खूण म्हणजे आतले बुडबुडे. अशनीत बुडबुडे जवळजवळ नसतातच. खानापूर भागातल्या जांभ्या दगडाला भोकं असतात. अशनीवर भोकं नव्हे, अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. ताज्या अशनीवर पातळ काळं कवच असतं आणि कोपरा फुटला असेल तर आत बहुधा करडा रंग, कधी धातूचे चमकते कण दिसतात. पडल्या पडल्या ती लालभडक तापलेली असते, गवत पेटवते, हेही विसरा. धग फक्त वरच्या थराला लागते आणि तो थर बहुतांश उडून जातो.

आता ग्रहांची संख्या. जुन्या पुस्तकातले नऊ आणि देवळातले नवग्रह ही एकच यादी नव्हे. देवळातल्या यादीत सूर्य, चंद्र, राहू, केतू आहेत, पृथ्वी नाही. राहू-केतू तर वस्तूच नाहीत, चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला छेदतो ते दोन बिंदू आहेत.

जुन्या पुस्तकातला नववा ग्रह प्लूटो लहान म्हणून वगळला, हे उत्तरही अर्धवट. गुरूचा गॅनिमीड ५२६८ किलोमीटर व्यासाचा, बुध ४८७९ चा. तरी गॅनिमीड गुरूभोवती फिरतो म्हणून उपग्रहच. प्लूटो सूर्याभोवती फिरतो, गोलही आहे, पण त्याच्या कक्षेच्या पट्ट्यात त्याचं एकट्याचं वर्चस्व नाही, म्हणून २००६ साली तो बटुग्रहांत गेला. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस आधी ग्रह होता, मग लघुग्रह झाला, आणि २००६ मध्येच तोही बटुग्रह ठरला.

विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलवर मंगळ आणि गुरूच्या मध्ये खडी ओतून लघुग्रहांचा पट्टा करतात. इतकी दाटी तिथे नाही. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या तीनेक टक्केच भरतात, आणि पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये त्या पट्ट्यातून धडधाकट पार झालं. खडी कमी घाला, अंतर जास्त ठेवा.