माध्यम मूल्यमापनासाठी एजन्सी नेमताय? या चुका टाळा

साखर कारखाना असो, रुग्णालय असो की नागरी सहकारी बँक, आपल्याबद्दल पेपरात काय येतं आणि त्याने लोकांचं मत कुठे झुकतं, हे पैसे मोजून तपासून घ्यायचं तर एजन्सी नीट पारखूनच घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बातमीची किंमत रुपयांत लावणाऱ्याला काम देणं. बातमीने व्यापलेली जागा जाहिरातीच्या दराने गुणायची आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ म्हणून सांगायचं, ही पद्धत अजून चालते. समजा, थकीत ऊसबिलासाठी शेतकऱ्यांनी कारखान्याच्या गेटवर ठिय्या दिला आणि पहिल्या पानावर ३०० चौरस सेंटीमीटरची बातमी लागली. दर चौरस सेंटीमीटरला ३०० रुपये धरला, तर अहवालात ९०,००० रुपयांचा फायदा! पहिल्या पानाचा दर जास्त असतो, त्यामुळे बदनामी जितकी ठळक तितका आकडा फुगतो. प्रसिद्धीचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत स्पष्टपणे नाकारली आहे. पहिल्याच बैठकीत या तत्त्वांबद्दल विचारा. उत्तर गोलमाल आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

अहवालात बातम्या कमी दिसतात? शोध कसा घेतला ते विचारा. सॉफ्टवेअरला ‘कारखाना’ एवढाच शब्द दिला असेल, तर ‘कारखान्याने’, ‘कारखान्याच्या’ असलेल्या बातम्या निसटतात. ई-पेपरचं पान नुसतं चित्र असेल, तर त्यातला मजकूर सापडतच नाही. उलट सोलापुरातल्या तुमच्या संस्थेचं नाव ‘सिद्धेश्वर’ असेल, तर मंदिर, तलाव, मुंबईची एक्स्प्रेस, साखर कारखाना असं सगळंच गोळा होईल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे आलेख वर जाईल आणि श्रेय तुमच्या प्रसिद्धी मोहिमेला मिळेल. म्हणून प्रत्येक कात्रण माणसाने वाचलेलं हवं, तेही मराठीतला टोमणा कळणाऱ्या माणसाने.

खपाचे आकडेही तपासा. बार्शी किंवा सांगोल्याच्या पानावरच्या बातमीला राज्यभराचा खप लावलेला नको. तीन पेपरांच्या वाचकांची सरळ बेरीजही नको, कारण तिन्ही वाचणारा माणूस तीनदा मोजला जातो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक यंत्रमाग कामगारांचं मत जाणून घ्यायचं असेल, तर तेलुगू जाणणारं कुणी एजन्सीकडे आहे का, ते पाहा.

जी एजन्सी तुमच्या बातम्या छापून आणते, तिलाच मोजायला बसवू नका. परीक्षेत स्वतःचा पेपर स्वतःच कोणी तपासत नाही.

सही करण्याआधी एक चाचणी घ्या. एका आठवड्याची कात्रणं तुम्ही स्वतः काढा, तोच आठवडा एजन्सीला द्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. काय सुटलं, कोणती टीका ‘अनुकूल’ ठरली, हे तिथेच कळतं. आणि करारात लिहून घ्या की काम थांबलं तरी कात्रणं आणि सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये तुमच्या ताब्यात येतील. नाहीतर नव्या एजन्सीला तुलनेसाठी मागचं काहीच हाताशी राहत नाही.