शांत बंदरातल्या शिडाच्या होड्या रंगवताय? या चुका टाळा

शांत बंदराचं जलरंगातलं चित्र सोपं वाटतं, लाटा नाहीत, फेस नाही, चार होड्या काढल्या की झालं, पण चुका इथेच जास्त दिसतात कारण लपवायला जागाच नसते.

आधी वारा ठरवा. पाणी आरशासारखं आणि शिडं मात्र टम्म फुगलेली, असं होत नाही हो. वारा पडला की शीड लोंबतं, झेंडाही लोंबतो. १७व्या शतकातले डच चित्रकार विलेम व्हॅन डे वेल्डे (धाकटे) यांची शांत समुद्राची चित्रं झूम करून बघा, शिडं किती सैल सुटलीयत, फार सुंदर काम आहे ते. आणि होड्या नांगरलेल्या असतील, गेटवेसमोर यॉट असतात तशा, तर शिडं गुंडाळलेली आणि तोंडं साधारण एकाच दिशेला, वाऱ्याच्या नाहीतर भरती-ओहोटीच्या ओढीने वळलेली.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे, की लांबची होडी हवेत तरंगल्यासारखी का दिसते. क्षितिजरेषा कायम आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. धक्क्यावर उभे असताना डोळे पाण्यापासून ३ मीटरवर असतील तर ती रेषा जवळच्या काय नि लांबच्या काय, प्रत्येक होडीला पाण्यापासून ३ मीटरवरच छेदणार. म्हणजे डोलकाठीचं टोक ६ मीटरवर असेल तर रेषा बरोब्बर मधून जायला हवी. पेन्सिलने एवढं तपासलंत ना, की निम्मं चित्र आपोआप जागेवर येतं.

प्रतिबिंब सरळ खाली येतं, सावलीसारखं उन्हाप्रमाणे सरकत नाही. काठी डावीकडे कलली असेल तर पाण्यातही डावीकडेच, तुमच्याकडे झुकली असेल तर प्रतिबिंब लांब, पलीकडे झुकली तर आखूड. पांढऱ्या शिडाचं प्रतिबिंब शिडापेक्षा जरा गडद ठेवा, काळ्या बुडाचं जरा फिकं. पाण्यात पांढरं कोरं राहिलंच असेल तर सगळं सुकल्यावर वरून एक पातळ राखाडी वॉश (पाणीदार रंगाचा थर) द्या, अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) थोडी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून. नुसता ट्यूबमधला निळा नको.

दोर पट्टीने आखू नका, रिगर ब्रश घ्या (लांब केसांचा बारीक ब्रश, नावच जहाजाच्या दोरांवरून पडलंय), रंग पातळ, हात एका दमात, आणि सगळे दोर काढायची गरज नाही. काठीसाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात ते रबरासारखं द्रव) लावलं असेल तर कागद पूर्ण सुकल्यावरच काढा, नाहीतर वरचा पापुद्रा निघतो, आणि घाईत हेअर ड्रायर तर अजिबात मारू नका, ते कागदाला चिकटून बसतं.