मोबाईलवर सारख्या जाहिराती येतायत? हे करा

परवा म्हापशाला मावशीकडे गेलो तर तिच्या फोनवर दर दोन मिनिटांनी 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं येत होतं, आणि व्हायरस बियरस काही नव्हता हो, कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं तेव्हा तिने 'अलाऊ' दाबलेलं, बस. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, मग सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइट दिसेल ती ब्लॉक करायची. मागे येऊन 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' पण बंद ठेवा. एवढं करूनही होम स्क्रीनवर जाहिराती येतच राहिल्या तर बहुतेक एखादं अ‍ॅप कारण असतं, नुकतंच टाकलेलं टॉर्च नाहीतर क्लीनर अ‍ॅप आधी उडवा. आणि त्या जाहिरातीतलं 'क्लीन नाऊ' चुकूनही दाबू नका, मावशी दाबणारच होती!