सोलं वाळवताय? आधी ड्रायरच्या कापडी पाइपाची गळती थांबवा

मे महिन्याचा उत्तरार्ध आला की खळ्यातल्या उन्हावर भरवसा ठेवता येत नाही. दुपारनंतर आभाळ भरतं, वळवाची सर येऊन जाते. मीठ आणि रस लावलेली सोलं (कोकमाच्या फळाची सालं) दमट हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून कालची कोरडी सोलं सकाळी पुन्हा ओलसर लागतात. ‘कोकण अमृता’सारख्या लवकर पिकणाऱ्या जातीचे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, एव्हाना फोडून झाले असतील, पण रानातल्या झाडांचं फळ मृगापर्यंत येत राहतं. त्या फळासाठी भट्टीवर तापलेली हवा ब्लोअरने, म्हणजे मोठ्या पंख्याने, खोलीत सोडणारा ड्रायरच कामाला येतो.

ड्रायरची खोली हवी तशी तापत नसेल तर भट्टीत आणखी लाकूड टाकण्याआधी ब्लोअरपासून खोलीपर्यंतचा कापडी पाइप तपासा. बहुतेक गळती कापडातून होत नाही, सांध्यातून होते. हिशोब करून बघा : ३० सेंमी व्यासाच्या पत्र्याच्या कॉलरभोवती (पाइप ज्यावर चढवतो त्या गोल तोंडाभोवती) ५ मिमी फट राहिली, तर ती सगळी मिळून सुमारे ४७ चौरस सेंमी भरते. म्हणजे पाइपाला जवळपास ७ सेंमी लांब-रुंद भोक पाडल्यासारखंच झालं. शिवाय ब्लोअरजवळ दाब सर्वांत जास्त असल्याने हवा तिथूनच जोराने निसटते.

तपासणी भट्टी पेटवण्याआधी, थंड ब्लोअर चालवून करा. पेटती उदबत्ती कापडापासून वीतभर लांब धरून सांध्यांच्या कडेने फिरवा. धूर जिथे अचानक उडेल तिथे गळती. बारीक भोकं शोधायची तर ब्लोअर बंद करून रात्री पाइपात बॅटरी सरकवा, बाहेरून उजेडाचे ठिपके दिसतील. शिवणीवर असे ठिपके ओळीने दिसले तर ती सुईची भोकं समजा. त्यावर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ हात द्या आणि तो पूर्ण सुकल्यावरच पाइप वापरा. शिवण नव्याने घालायची असेल तर दुहेरी घडी आणि पॉलिएस्टरचा दोरा घ्या. सुती दोरा आपल्या दमट हवेत कुजतो.

कॉलरवर कापड किमान वीतभर चढलं पाहिजे. पत्रा आणि कापड यांच्यामध्ये जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळा, वरून स्टेनलेस स्टीलची क्लिप आवळा. साधी लोखंडी क्लिप खाऱ्या वाऱ्यात गंजते आणि तिची धार कापड कापते. सुतळीने आवळलेला सांधा गरम झाल्यावर सैल पडतो. कापडी चिकटपट्टीवरही विसंबू नका : अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९९८ साली गरम हवेच्या नळांवर वेगवेगळ्या पट्ट्या तपासल्या, तेव्हा हीच पट्टी सर्वांत आधी सुटली. पट्टी लावायचीच तर ॲल्युमिनियमची लावा, तीही पत्र्यावर.

दोन तुकडे जोडताना ब्लोअरकडच्या तुकड्याचं तोंड पुढच्या तुकड्याच्या आत घाला. कौलं शाकारताना उताराची दिशा बघतो, तशी इथे वाऱ्याची दिशा बघायची. ठिगळ शक्यतो आतून लावा, हवेचा दाबच त्याला कापडावर चिकटवून ठेवतो. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो.

पाइप जांभ्यावरून फरफटत नेऊ नका, तारेवर दर मीटरला पट्ट्याने टांगा. तो ताठ आणि होईल तितका सरळ राहू द्या. चुण्या आणि काटकोनी वळणं हवा अडवतात, मग मागच्या सांध्यावर दाब वाढतो. हलका कापडी पाइप ब्लोअरच्या ओढणाऱ्या बाजूला कधीच लावू नका, तो आत मिटतो.

भट्टीला लागून पहिला तुकडा पत्र्याचाच हवा, ठिणगीने कापड पेटू शकतं. ताडपत्रीचं प्लॅस्टिक गरम हवेत मऊ पडतं, म्हणून जाड कॅनव्हास बरा. सोलांसाठी हवा ५० ते ६० अंश सेल्सिअस ठेवा, ६० च्या वर नेऊ नका. खोलीत धुराचा वास आला तर ती पाइपाची गळती नाही, भट्टीचा धूर हवेत मिसळतोय. लगेच दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांनी बाहेर या, आणि दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर चालवू नका.

ब्लोअर बंद केल्यावर पाइपाचं तोंड झाकायला विसरू नका, नाहीतर रात्रीची ओली हवा त्याच वाटेने सोलांपर्यंत पोचते. हंगाम संपला की पाइप आतून कोरडा करून सैल गुंडाळा. घडी घातली तर घडीच्या रेघेवरच तो चिरतो. उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी, माळ्यावर तारेला टांगून ठेवा.